मुनीमजी, मुकादम आणि संगणकाचा बफर

सुगीच्या दिवसांत उदगीरच्या मोंढ्यात गेलात तर एक गोष्ट नीट पाहा. तुरीच्या पोत्यांचा ट्रक आडत दुकानासमोर उभा राहतो. मुनीमजी गादीवरून उठत नाहीत. मुकादम हमालांना ओटा दाखवून ‘इथे शंभर पोती लावा’ असे सांगतो. पोती लावून झाली की मुनीमजींना हाक जाते. तोवर ते आपला हिशेब लिहीत असतात.

संगणकात बाहेरची माहिती पुष्कळदा अशाच रीतीने आत येते. मुनीमजी म्हणजे प्रोसेसर. ओटा म्हणजे बफर, स्मृतीतील राखून ठेवलेली जागा. हमालाचे काम ‘डीएमए’ ही यंत्रणा करते. ती प्रोसेसरला न गुंतवता माहिती थेट स्मृतीत मांडते. मुकादम म्हणजे ड्रायव्हर, त्या त्या उपकरणासाठी लिहिलेली आज्ञावली. ती उपकरणाला बफरचा पत्ता व आकार कळवते. काम संपले की उपकरण ‘इंटरप्ट’ हा संकेत पाठवते. हीच ती हाक!

पण ओटा एकच असेल तर? पोती मोजून होण्याआधीच दुसरा ट्रक आला की नवा माल जुन्यात मिसळेल. म्हणून निदान दोन बफर ठेवतात. एक भरत असताना दुसरा वाचायचा, मग अदलाबदल करायची. येथे मुख्य नियम एकच: एका वेळी बफरचा ताबा एकाकडेच. तो उपकरणाकडे असताना प्रोसेसरने त्यास हात लावू नये. प्रोसेसर आपल्याजवळच्या ‘कॅश’मध्ये स्मृतीची प्रत ठेवतो. ताबा परत घेताना ही जुनी प्रत रद्द व्हायला हवी. नाहीतर ओट्यावर नवा माल आणि वहीत कालचा आकडा, अशी गत होते. काही संगणकांत हे यंत्रणाच सांभाळते, इतरांत ड्रायव्हरला करावे लागते.

ट्रक थांबवता येतो, आकाश थांबवता येत नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. २०१० च्या सुमारास तेथे संकेतांवरील प्रक्रियेसाठी लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांचा समूह वापरात आला. त्या वेळी संकेताचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झचा होता. असा पट्टा पूर्ण टिपण्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला किमान ६.४ कोटी नमुने घ्यावे लागतात. एका नमुन्यासाठी एक बाइट जागा धरली, तर ६४ लाख बाइटांचा बफर ०.१ सेकंदात भरेल! तेवढ्या अवधीत दुसरा बफर रिकामा झालाच पाहिजे. नाही झाला, तर त्या क्षणाचे आकाश कायमचे निसटले.

मग भरपूर बफर ठेवले तर? समजा, सेकंदाला १० बफर भरतात व प्रोसेसर ९ च रिकामे करतो. दर सेकंदाला एक बफर तुंबेल, आणि १०० बफर असले तरी सुमारे १०० सेकंदांत सारे भरून जातील. म्हणजेच बफर अधूनमधून होणारा उशीर सोसतो, कायमची तूट मात्र भरून काढत नाही. आता तुम्ही सांगा: प्रोसेसर ८ च बफर रिकामे करू लागला, तर ते १०० बफर किती वेळ पुरतील?