तुमच्या सॉफ्टवेअरचं गोडाऊन कोणाच्या ताब्यात आहे?



रजिस्ट्री म्हटलं की आपल्याकडे दुय्यम निबंधक कार्यालय आणि खरेदीखत आठवतं. आजची रजिस्ट्री वेगळी आहे, कंटेनर इमेजची. धाराशिव, कळंब किंवा उमरग्यात बसून दूध संकलन केंद्र, लॉज, पतसंस्था, लॅब यांना स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअर देणाऱ्यांसाठी, किंवा तसा धंदा सुरू करायच्या विचारात असणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी शब्द समजून घेऊ. इमेज म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर आणि ते चालायला लागणाऱ्या सगळ्या फाइली एकत्र बांधलेलं पार्सल. ते पार्सल ग्राहकाच्या मशीनवर चालू केलं की त्याला कंटेनर म्हणतात. आणि ही पार्सलं जिथे ठेवायची ते गोडाऊन म्हणजे रजिस्ट्री. माल ठेवला की पुश, उचलला की पुल. बहुतेक लोक डॉकर हबचं तयार गोडाऊन वापरतात. सुरुवातीला तेच सोयीचं असतं.

आता अडचण कुठे येते ते बघा. समजा, भूम तालुक्यातलं एक दूध केंद्र तुमचं ग्राहक आहे. दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांची बिलं निघतात. नेमकं बिलाच्या आदल्या रात्री तिथला कॉम्प्युटर जळाला. तुम्ही नवीन मशीन घेऊन गेलात, इमेज पुल करायला लावली, आणि स्क्रीनवर आलं 'टू मेनी रिक्वेस्ट्स'. केंद्रचालक विचारतोय, "सर, सकाळी बिलं निघतील ना?" तुम्ही तर दिवसभरात दोनच इमेज उतरवल्या होत्या. मग मर्यादा संपली कशी?

नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबने खातं न उघडता पुल करणाऱ्यांवर सहा तासांत १०० पुलची मर्यादा आणली, मोफत खातं असणाऱ्यांना २००. नियम पुढे बदलत राहिले, पण मुद्दा हा की बिनखात्याची मोजणी माणसावर नाही, आयपी पत्त्यावर होते. मोबाईल डेटा आणि बऱ्याच स्थानिक ब्रॉडबँडवर शेकडो ग्राहक एकाच आयपीच्या आड असतात. म्हणजे कोटा दुसऱ्यानेच संपवलेला असू शकतो. लॉगिन केलं तर त्या रात्रीपुरता प्रश्न सुटेल. पण मार्च २०२३ मध्ये डॉकरने मोफत टीम खाती बंद करणार म्हणून ३० दिवसांची मुदत दिली होती. जगभरातून ओरड झाली आणि दहा दिवसांत त्यांनी निर्णय मागे घेतला. यात कंपनीला दोष द्यायचा नाही. गोडाऊन त्यांचं आहे, भाडं ते ठरवणार. आपला वार्षिक देखभालीचा करार मात्र आपल्या सहीचा असतो.

स्वतःचं गोडाऊन बांधायला लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याचं नाव डिस्ट्रिब्युशन. ते डॉकर कंपनीनेच लिहिलं आणि २०२१ मध्ये सीएनसीएफ या संस्थेकडे सोपवलं. अपाचे २.० परवाना आहे, म्हणजे धंद्यात वापरायला अडचण नाही. गो भाषेत लिहिलेलं आहे. गिटहबवरून सोर्स कोड उतरवायचा, गो बसवायचं आणि 'मेक बायनरीज' ही कमांड द्यायची. बिन फोल्डरमध्ये रजिस्ट्री नावाची फाइल तयार होते. एक काळजी घ्या, मेन शाखेवर रोज काम चालू असतं, त्यामुळे रिलीजचा टॅग निवडूनच बिल्ड करा.

"सर, तयार इमेज मिळत असताना सोर्समधून कशाला बांधायचं?" प्रश्न बरोबर आहे. बहुतेकांना तयार इमेज पुरते, आणि मीही तुम्हाला तिथूनच सुरुवात करायला सांगेन. पण एकदा तरी स्वतः बांधून बघा. नेमकी कोणती आवृत्ती चालू आहे ते तुमच्या हातात राहतं, सुरक्षेची दुरुस्ती आली की तुम्हीच नवीन बांधू शकता. आणि रात्री अकराला ती बंद पडली तर आत काय आहे हे तुम्हाला माहीत असतं.

बांधणं अर्ध्या तासाचं काम आहे. खरी मेहनत चालवण्यात आहे.

कॉन्फिग फाइलमध्ये माल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि कोणत्या पोर्टवर ऐकायचं (सहसा ५०००) हे लिहायचं. कुलूप म्हणजे एचटीपासवर्डची फाइल. पासवर्ड बीक्रिप्ट पद्धतीचेच लागतात, दुसरे चालत नाहीत. बाहेरच्या मशीनशी बोलायला एचटीटीपीएस हवं. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत मिळतं, पण ते ९० दिवसांचं असतं. नूतनीकरण आपोआप होतंय का ते स्वतः बघा. नाहीतर नेमकं नवरात्रात, तुळजापूरच्या लॉजवर रांग लागलेली असताना ते संपायचं. पुढे एनजिनएक्स लावलं असेल तर अजून एक खोच आहे. तो एका वेळी डिफॉल्टने १ एमबीच माल आत घेतो. ती मर्यादा वाढवली नाही तर पुश करताना ४१३ क्रमांकाची चूक येते आणि माणूस उगाच रजिस्ट्रीतच दोष शोधत बसतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते डिस्कवर. जुनी इमेज काढून टाकली तरी जागा मोकळी होत नाही. खातेवहीतली नोंद गेली, माल मात्र रॅकवरच. त्यासाठी कॉन्फिगमध्ये डिलीट चालू करावं लागतं आणि नंतर 'गार्बेज कलेक्ट' चालवावं लागतं. हे चालू असताना रजिस्ट्री बंद ठेवा किंवा फक्त वाचण्यापुरती ठेवा. त्याच वेळी कोणी पुश केलं तर त्याचे थर कचरा समजून उडू शकतात.

थरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण आपल्या भागातल्या नेटला हाच मोठा फायदा आहे. इमेज थरांची बनलेली असते. खालचे थर तेच असतील तर अपडेटच्या वेळी फक्त वरचा बदललेला थर उतरतो. सॉफ्टवेअर ४०० एमबीचं असलं आणि बदल १० एमबीचा असला, तर परंड्याच्या ग्राहकाकडे १० एमबीच जातात. मात्र ग्राहकाकडे 'लेटेस्ट' टॅग लावू नका. टॅग आज एका इमेजवर असतो, उद्या दुसऱ्या. आवृत्तीचा क्रमांक द्या, डायजेस्ट लिहून ठेवा. डायजेस्ट खरेदीखताच्या दस्त क्रमांकासारखा असतो, माल बदलला की तोही बदलतो.

रजिस्ट्री ठेवायची कुठे? ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर चालते, ती हलकी आहे. पण वीज गेली की गोडाऊन बंद, आणि घरगुती कनेक्शनला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता सहसा मिळत नाही. म्हणून ग्राहकांसाठीची रजिस्ट्री भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर ठेवा. ऑफिसात दुसरी प्रत डॉकर हबची कॅशे म्हणून चालवा, म्हणजे तीच इमेज परत परत उतरवावी लागत नाही. या दोन वेगळ्याच लागतात, कारण कॅशे म्हणून चालणाऱ्या रजिस्ट्रीत स्वतःचा माल पुश करता येत नाही.

आणि दोनच ग्राहक असतील तर? मग यातलं काहीच नको. 'डॉकर सेव्ह' करून इमेज पेनड्राइव्हवर घ्या, ग्राहकाकडे 'डॉकर लोड' करा. दहाएक ग्राहक झाले, महिन्याला दोन-तीन अपडेट जायला लागले, की रजिस्ट्रीचा खर्च देखभालीच्या दरात धरा. सर्व्हरचं भाडं, बॅकअपची जागा आणि महिन्यातले तुमचे तीन-चार तास. हे तास लोक हिशेबात धरतच नाहीत.

बॅकअपबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रजिस्ट्रीत तुमचं सॉफ्टवेअर असतं, दूध केंद्राचा डेटा नसतो. शेतकऱ्यांचे लिटर, फॅट आणि बाकी रक्कम डेटाबेसमध्ये असतात आणि त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. करार करायच्या आधी एखाद्या रविवारी कोरं मशीन घ्या, रजिस्ट्रीतून इमेज उतरवा, कालचा डेटा चढवा आणि एक बिल छापून बघा. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. ग्राहकाला करारात तेवढाच वेळ सांगा, वर थोडा प्रवासाचा धरून.