ओटीपोटाचे दुखणे अंगावर काढू नका



एरवी मी तुमच्याशी ऊस, सोयाबीन आणि पेरूच्या छाटणीविषयी बोलतो. आजचा विषय माझ्या खात्यातला नाही आणि पुरुषाने तो काढावा का, असेही काहींना वाटेल. तरी लिहितो.

शिर्डीजवळच्या एका वस्तीवर पेरूची बाग पाहायला गेलो होतो. गोठ्यात गाईची वार अडकली होती, म्हणून मालकाने दिवस उजाडताच गुरांचे डॉक्टर बोलावले होते. निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेतले. "साहेब, तुमच्या ओळखीची बाईडॉक्टर आहे का? सुनेचं ओटीपोट दोन महिने दुखतंय, रात्री कणकण येते." अंगावरून वास येणारे पांढरे जात होते. बाळंतपणाला तीन महिने झाले होते. गाईला डॉक्टर त्याच दिवशी, आणि सुनेला दोन महिन्यांनी! मालक वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

या दुखण्यात जंतू योनिमार्गातून वर चढतात आणि गर्भपिशवी, बीजनलिका व बीजांडांना सूज आणतात. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर, विशेषतः अस्वच्छ हातांनी तो झाला असेल तर, जंतूंना वाट मिळते. तांबी बसवल्यावर पहिले काही आठवडे धोका थोडा वाढतो. पुष्कळदा मात्र जंतू नवऱ्याकडून येतात, आणि त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो. ओटीपोटात व कमरेत दुखणे, ताप, वास येणारे पाणी, संबंधाच्या वेळी दुखणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे ही लक्षणे. कधी लक्षणे अगदी सौम्य असतात, पण आत नलिका चिकटत जातात. पुढे मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच वाढून जिवावर बेतते. मग वांझ म्हणून बोल लागतो तो बाईलाच.

हे दुखणे किती घराघरांत आहे, ते डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत तपासून दाखवले. त्यांचा लेख १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्यांनी दुखणे अंगावर काढले होते.

औषध आहे, आणि वेळेत घेतले तर गुण येतो. साधारण चौदा दिवस जंतुनाशक गोळ्या असतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडू नका. अर्ध्या मात्रेच्या फवारणीने कीड मरत नाही, उलट औषधाला दाद देईनाशी होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. नवऱ्यालाही डॉक्टरांना दाखवून औषध घ्यावे लागते आणि दोघांचे पुरे होईपर्यंत संबंध टाळायचा. इथे पुरुषमंडळी अडतात. "मला काय धाड भरलीय?" असे म्हणू नका.

दुसरा धोका घाईचा. अंगावरून जाते म्हणून 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्या कारखान्यांचा ऊस याच बाया तोडतात. जंतूंच्या सुजेवर पहिला उपाय गोळ्या आहे. तरुणपणी पिशवी, त्यातून बीजांडेही काढली तर हाडे लवकर ठिसूळ होतात. शस्त्रक्रिया सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

राहात्याचे ग्रामीण रुग्णालय, शिर्डीचे साईनाथ रुग्णालय किंवा लोणीचे प्रवरा रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तिथे जा. लाज वाटली तर आशाताईंना सोबत न्या. पाळीची तारीख, बाळंतपण, तांबी हे न लपवता सांगा. पोटात असह्य कळ, जोराचा ताप किंवा चक्कर आली, अथवा पाळी चुकून पोट दुखू लागले, तर त्याच दिवशी निघा.

त्या सुनेला दुसऱ्याच दिवशी राहात्याला नेले. नवऱ्याने गोळ्या घ्यायला दोन दिवस कुरकुर केली. सासूबाईंनी त्याच्यापुढे ताटाशेजारी गोळी ठेवायला सुरुवात केली, तेव्हा निमूट घेतली.