लोणच्याची बरणी ते लाडवाचा डबा
📺 ‘इंग्लिश विंग्लिश’मधली लाडू विकणारी शशी आठवते का? तिला घडवणाऱ्या गौरी शिंदे मूळच्या जाहिरातवाल्या, अन् तेही आपल्या पुण्याच्या!

सिम्बायोसिसमध्ये शिकून त्या मुंबईला गेल्या. लोव लिंटाससारख्या एजन्सीत काम केलं, मग स्वतः जाहिरातपट केले. तीस सेकंदांत अख्खी गोष्ट बसवायची, हीच त्यांची तालीम!

२०१२ मध्ये ‘इंग्लिश विंग्लिश’ हा त्यांचा पहिला चित्रपट आला. त्यांच्या आईचा घरगुती लोणच्याचा व्यवसाय होता, इंग्रजी मात्र जेमतेम. पडद्यावर लोणच्याचे लाडू झाले. न्यूयॉर्कमध्ये साधी कॉफी मागताना गांगरलेली शशी बघा, दोन मिनिटांत सगळं कळतं.

सडक अर्जुनीच्या पोरींनो, घरी पापड-लोणची होतात ना? त्या बरणीसाठी एक ओळ लिहून बघा. जाहिरात तिथूनच सुरू होते! 👇

#गौरीशिंदे #जाहिरात #सडकअर्जुनी