ग्विदो आडलर यांची कागदपत्रे

ग्विदो आडलर यांची कागदपत्रे हा व्हिएन्ना विद्यापीठातील संगीतशास्त्राचे प्राध्यापक ग्विदो आडलर (१ नोव्हेंबर १८५५ – १५ फेब्रुवारी १९४१) यांचा पत्रव्यवहार, टिपणे आणि इतर लेखन यांचा संग्रह आहे. तो अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अथेन्स या गावी, जॉर्जिया विद्यापीठाच्या हार्ग्रेट दुर्मिळ ग्रंथ व हस्तलिखित ग्रंथालयात जतन करण्यात आला आहे. आधुनिक संगीतशास्त्राचा विद्यापीठीय विषय म्हणून झालेला उदय आणि संगीतकार गुस्टाफ मालर यांचे चरित्र या दोन्हींच्या अभ्यासासाठी हा संग्रह महत्त्वाचा मानला जातो. एका व्हिएन्नावासी विद्वानाची कागदपत्रे अटलांटिक महासागरापलीकडे असण्याचे कारण नाझी राजवटीत आडलर कुटुंबावर ओढवलेल्या आपत्तीत आहे. त्यामुळे संग्रहातील मजकुराइतकाच त्याचा प्रवासही इतिहासाचा पुरावा ठरला आहे.

आडलर यांचे कार्य

आडलर यांचा जन्म मोरावियातील आयबेनशुट्स (आजचे चेक प्रजासत्ताकातील इवांचित्से) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. आडलर अगदी लहान असतानाच ते वारले. त्यानंतर कुटुंब इग्लाउ (आजचे यिहलावा) येथे आणि पुढे इ.स. १८६४ मध्ये व्हिएन्ना येथे राहावयास गेले. व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात आडलर यांनी आंटोन ब्रुकनर यांच्यासारख्या गुरूंकडे शिक्षण घेतले. विद्यापीठात त्यांनी आधी कायद्याची आणि नंतर, इ.स. १८८० मध्ये, संगीताच्या इतिहासातील संशोधनाबद्दल डॉक्टरेट पदवी मिळवली.

इ.स. १८८५ मध्ये त्यांची प्राग येथील जर्मन विद्यापीठात प्राध्यापकपदी नेमणूक झाली. इ.स. १८९८ मध्ये सुप्रसिद्ध समीक्षक एडुआर्ड हान्सलिक यांच्या जागी ते व्हिएन्ना विद्यापीठात आले आणि इ.स. १९२७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. तेथे त्यांनी संगीतशास्त्राची स्वतंत्र संस्था उभारली. संगीतरचनाकार आंटोन वेबर्न, बायझंटाइन संगीताचे अभ्यासक एगोन वेलेस आणि व्हिएन्ना विद्यापीठात संगीतशास्त्राची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला एल्झा बीनेनफेल्ड हे त्यांच्या शिष्यवर्गातील होत. वेबर्न यांनी इ.स. १९०६ मध्ये पंधराव्या-सोळाव्या शतकातील रचनाकार हाइनरिख इझाक यांच्या रचनांवरील प्रबंधाबद्दल डॉक्टरेट मिळवली.

फ्रीडरिख क्रिझांडर आणि फिलिप श्पिटा या ज्येष्ठ अभ्यासकांसह आडलर यांनी संगीतशास्त्राला वाहिलेले एक त्रैमासिक सुरू केले. इ.स. १८८५ मध्ये त्याच्या पहिल्याच खंडात त्यांचा संगीतशास्त्राची व्याप्ती, पद्धती आणि ध्येय यांवरील लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या विषयाचे दोन विभाग कल्पिले. पहिला ऐतिहासिक विभाग : यात जुन्या स्वरलेखनपद्धती, रचनाप्रकारांचा विकास आणि वाद्यांचा इतिहास यांचा समावेश होतो. दुसरा पद्धतशीर विभाग : यात स्वर व लय यांचे नियम, सौंदर्यशास्त्र, संगीतशिक्षण आणि निरनिराळ्या लोकसमूहांच्या संगीताची तुलना हे विषय येतात. यांपैकी शेवटच्या शाखेतून तुलनात्मक संगीतशास्त्र आणि कालांतराने लोकसंगीतशास्त्र विकसित झाले. मराठीत ‘संगीतशास्त्र’ हा शब्द राग, ताल, श्रुती यांच्या नियमांसाठीही वापरला जातो. आडलर यांच्या मांडणीत असे नियम हा विषयाचा केवळ एक भाग आहे.

आडलर यांचा दुसरा मोठा प्रकल्प म्हणजे ‘डेंकमेलर डेर टोनकुन्स्ट इन ओस्टराइख’ (ऑस्ट्रियातील संगीतकलेची स्मारके) ही ग्रंथमाला होय. जुन्या हस्तलिखितांवरून चिकित्सक संहिता सिद्ध करून त्या छापणे हे या मालेचे उद्दिष्ट होते. इ.स. १८९४ ते १९३८ या काळात आडलर यांच्या संपादनाखाली तिचे ८३ खंड प्रकाशित झाले. कोणतेही विधान करण्यापूर्वी मूळ साधन तपासावे, ते कोणाकडून कोणाकडे आले हे पाहावे आणि मगच त्याच्या आधारे बोलावे, ही शिस्त या प्रकल्पामुळे दोन-तीन पिढ्यांच्या अभ्यासकांच्या अंगी बाणली.

संग्रहाचे स्वरूप

एखाद्या व्यक्तीच्या पश्चात राहिलेल्या कागदपत्रांना जर्मन भाषेत ‘नाखलास’ असे म्हणतात. आडलर यांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे त्यांचा खाजगी ग्रंथसंग्रह, ज्यात पुस्तके, छापील संगीत व काही मौल्यवान हस्तलिखिते होती. दुसरी म्हणजे पत्रे, व्याख्यानांची टिपणे, लेखांचे मसुदे आणि कामकाजाचे कागद. जॉर्जिया विद्यापीठातील संग्रह मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा आहे.

संग्रहाचा गाभा म्हणजे आडलर यांना आलेली पत्रे. समकालीन संगीतकार, संगीताचे इतिहासकार आणि विद्यापीठातील सहकारी यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. तत्त्वज्ञ आलेक्सिउस माइनोंग हे त्यांचे तरुणपणापासूनचे स्नेही. या दोघांचा पत्रव्यवहार पुढे स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. अशा पत्रांतून नियतकालिकासाठी लेख मिळवणे, नेमणुकांसाठी शिफारशी करणे, अनुदानासाठी सरकारी खात्यांचे उंबरठे झिजवणे यांसारख्या गोष्टी कळतात. प्रकाशित ग्रंथांत त्यांचा मागमूस क्वचितच आढळतो. एखादा विषय विद्यापीठात रुजण्यासाठी मात्र त्या ग्रंथांइतक्याच आवश्यक असतात.

पत्रसंग्रहांची एक स्वाभाविक मर्यादा येथेही लागू होते. एखाद्याच्या घरी सापडतात ती त्याला आलेली पत्रे. त्याने लिहिलेली पत्रे ज्याला मिळाली त्याच्याकडे जातात. त्यामुळे संवादाची दुसरी बाजू इतर संग्रहांतून शोधावी लागते. शिवाय त्या काळी जर्मनभाषक प्रदेशात हाताने लिहिण्यासाठी ‘कुर्रेंट’ ही वळणदार लिपी रूढ होती. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला जसे मोडी वाचन शिकावे लागते, तसेच या काळातील जर्मन पत्रे वाचण्यासाठी कुर्रेंटचा सराव करावा लागतो.

मालर यांच्याशी मैत्री

आडलर यांच्याप्रमाणेच गुस्टाफ मालर यांचेही बालपण इग्लाउ येथे गेले होते. दोघांची मैत्री मालर यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे इ.स. १९११ पर्यंत टिकली. मालर यांच्या सिम्फनींच्या छपाईसाठी अर्थसाहाय्य मिळावे म्हणून आडलर यांनी इ.स. १८९८ मध्ये शिफारस केली होती. इ.स. १९१० च्या नववर्षदिनी मालर यांनी न्यूयॉर्कहून आडलर यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. अतिश्रमाच्या आणि पत्नीविषयीच्या आक्षेपांना त्यांनी त्यात उत्तर दिले आहे. आडलर यांनी पुढे मालर यांच्यावर एक छोटेखानी पुस्तकही लिहिले, ते इ.स. १९१६ मध्ये ग्रंथरूपाने निघाले.

इ.स. १९०५ मध्ये आडलर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त मालर यांनी त्यांना आपल्या एका गीताचे स्वहस्ताक्षरातील हस्तलिखित भेट दिले. हे गीत कवी फ्रीडरिख र्युकर्ट यांच्या काव्यावर आधारलेले आहे. या एका भेटवस्तूला पुढे शंभर वर्षांचा खडतर इतिहास लाभला.

इ.स. १९३८ नंतर

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया आपल्या राज्यास जोडून घेतला. त्या वेळी आडलर ८२ वर्षांचे होते. ज्यू असल्यामुळे त्यांचे सार्वजनिक कार्य संपुष्टात आले आणि ग्रंथमालेचे संपादनही हातून गेले. त्यांचे पुत्र ह्युबर्ट योआखिम अमेरिकेस गेले. मुलगी मेलानी मात्र वृद्ध वडिलांच्या सेवेसाठी व्हिएन्नातच थांबली. आडलर यांचे १५ फेब्रुवारी १९४१ रोजी निधन झाले.

वडिलांच्या पश्चात मेलानीजवळ त्यांचा ग्रंथसंग्रह हीच एक मोलाची वस्तू उरली होती. तो विकून किंवा एखाद्या संस्थेस देऊन त्याच्या मोबदल्यात देशाबाहेर पडण्याचा मार्ग मिळावा, अशी तिची धडपड होती. म्युनिकमध्ये प्राध्यापक असलेले आडलर यांचे शिष्य रुडोल्फ फॉन फिकर यांनी तिला मदत करण्याचा प्रयत्न केला. त्याच वेळी व्हिएन्ना विद्यापीठातील संगीतशास्त्राचे तत्कालीन प्राध्यापक एरिख शेंक यांनी हा संग्रह आपल्या संस्थेकडे आणण्यासाठी पुढाकार घेतला. अखेर संग्रह मेलानीच्या हातून काढून घेण्यात आला. २० मे १९४२ रोजी तिला व्हिएन्नाहून मिन्स्कजवळील माली त्रोस्तिनेत्स येथे पाठवण्यात आले आणि २६ मे रोजी तेथे तिची हत्या झाली. आडलर यांच्या विद्यार्थिनी एल्झा बीनेनफेल्ड यांनाही त्याच महिन्यात त्याच ठिकाणी ठार मारण्यात आले.

आडलर यांनी स्वतः स्थापन केलेल्या संस्थेकडेच त्यांची पुस्तके अशा रीतीने गेली. शेंक युद्धानंतरही आपल्या पदावर कायम राहिले, इ.स. १९५७–५८ मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठाचे कुलगुरूही झाले आणि इ.स. १९७१ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. त्यामुळे ग्रंथसंग्रह कसा मिळवला गेला, या प्रश्नाची मोकळी चर्चा होण्यास अनेक दशके जावी लागली.

युद्धोत्तर काळ

युद्ध संपल्यानंतर ह्युबर्ट योआखिम आडलर यांनी वडिलांच्या संपत्तीचा शोध घेतला आणि तिचा काही भाग कुटुंबाला परत मिळाला. आडलर यांची कागदपत्रे पुढे जॉर्जिया विद्यापीठाकडे आली. तेथे काम करीत असताना संगीताचे इतिहासकार एडवर्ड रायली यांनी त्यांची तात्पुरती सूची तयार केली. इ.स. १९८२ मध्ये त्यांनी मालर व आडलर यांच्या मैत्रीवरील ग्रंथ इंग्रजीत प्रकाशित केला. या दोन कामांमुळे संग्रह अभ्यासकांच्या नजरेस आला.

मालर यांनी भेट दिलेले हस्तलिखित मात्र बेपत्ताच होते. इ.स. २००० मध्ये ते व्हिएन्ना येथे एका लिलावसंस्थेकडे मूल्यांकनासाठी आले. आडलर कुटुंबाच्या मालमत्तेशी युद्धकाळात संबंध आलेल्या एका वकिलाच्या मुलाने ते आणले होते. आडलर यांचे नातू टॉम आडलर यांनी त्यावर हक्क सांगितला. कायदेशीर लढ्यानंतर हस्तलिखित कुटुंबाकडे आले आणि इ.स. २००४ मध्ये लंडन येथे त्याचा लिलाव झाला. टॉम आडलर यांनी आजोबांच्या ग्रंथसंग्रहाच्या शोधाची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली आहे.

संशोधनातील महत्त्व

लुटलेल्या पुस्तकांचा माग काढताना अभ्यासक पुस्तकाच्या आतील पानावरील सही, शिक्का, अर्पणपत्रिका, जुन्या नोंदवहीतील दाखलांक आणि दाखल झाल्याची तारीख तपासतात. इ.स. १९३८ ते १९४५ या काळात ग्रंथालयात आलेल्या पुस्तकावर आधीच्या मालकाची सही असेल आणि खरेदीची नोंद नसेल, तर त्याची चौकशी करणे आवश्यक ठरते. आता जर्मनी व ऑस्ट्रियातील अनेक ग्रंथालयांत असे काम नियमितपणे चालते. आडलर यांचा संग्रह हे त्याचे एक ठळक उदाहरण समजले जाते.

संगीताच्या इतिहासाच्या दृष्टीने या कागदपत्रांचे महत्त्व दुहेरी आहे. एक म्हणजे, संगीताचा शास्त्रशुद्ध अभ्यास विद्यापीठात कसा रुजला, त्यामागे कोणत्या व्यक्ती, कोणत्या मैत्री आणि कोणते प्रशासकीय प्रयत्न होते, हे त्यांतून समजते. दुसरे म्हणजे, संग्रहात काय आहे इतकेच पाहून भागत नाही, काय नाही आणि ते का नाही हेही विचारावे लागते, याची जाणीव ती करून देतात. मूळ साधनाचा प्रवास तपासल्यावाचून त्यावर विसंबू नये, हा आडलर यांनी विद्यार्थ्यांना घालून दिलेला नियम होता. आज त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यालाही तो तितकाच लागू पडतो.