बैल जुंपलेली फोर्ड

अमेरिकन मसल कारचा हौशी मालक शोधायला वर्ध्यात येण्यात फारसा अर्थ नाही. पॉन्टियाक जीटीओने या दांडग्या गाड्यांची लाट आणली ती १९६४ मध्ये. तोवर फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी भारतातला गाशा गुंडाळून दहा वर्षे झाली होती. पण या जिल्ह्याने त्याच्या कितीतरी आधी एक अमेरिकन गाडी बाळगली आहे, आणि तीही अशी, की डेट्रॉइटच्या अभियंत्यांनी कपाळावर हात मारावा.

ती जमनालाल बजाज यांची जुनी फोर्ड. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. वर्ध्याहून अंतर जेमतेम सात-आठ किलोमीटर, पण धड रस्ता नाही. पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला कशी धरते, हे वर्धेकराला सांगायला नको. जमनालालजींच्या फोर्डला चक्क बैल जुंपले गेले! पुढे जू, बैलजोडी आणि धुरकरी. मागे गादीची बैठक, स्प्रिंगा आणि रबरी चाके. लोकांनी तिला ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणावे हे ओघानेच आले. गांधी-चरित्रांत हा प्रसंग गंमत म्हणून एका ओळीत उरकतात. बंडीच्या लोखंडी धावेचे हिसके ज्याने पाठीवर सोसले आहेत, त्याला मात्र यात चेष्टा दिसणार नाही. मला तर हा अस्सल वैदर्भी व्यवहार वाटतो. फोर्डचे घेण्यासारखे ते घेतले, ओढायला बैल घरचे. तसाही हा मुलूख गवळाऊचा. आर्वी-कारंजाकडचे हे पांढरे, सडपातळ बैल दुडक्या चालीसाठी पूर्वीपासून नावाजलेले आहेत.

खुद्द हेन्री फोर्डचा या गावाशी संबंध आला तो पुढे. २५ जुलै १९४१ रोजी त्यांनी गांधीजींना प्रशंसेचे पत्र लिहिले. पत्रकार टी. ए. रामन यांनी ते ८ डिसेंबरला, पर्ल हार्बरवर बाँब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्या हाती दिले. गांधीजींनी उलट भेट म्हणून आपल्या सहीचा चरखा पाठवला. ऐन युद्धात समुद्रमार्गे तो अमेरिकेला पोचला आणि लाखो मोटारी विकणाऱ्या त्या माणसाने तो शकुनाची वस्तू म्हणून जपला.

आज जुनी गाडी बाळगायची तर केंद्राचे २०२१ चे नियम आहेत. वय पन्नासच्या वर, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. गाडी रोज फिरवायची नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच काढायची. शिवाय चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. या शेवटच्या अटीवर जमनालालजींची फोर्ड आरटीओच्या दारातूनच परत आली असती.