जुन्या गाडीची काच अडकली तर

कोपर-डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींना पार्किंग कुठलं असायला? गाड्या बारा महिने रस्त्याच्या कडेला उभ्या. उन्हाने काचेभोवतीचं रबर कडक होतं, खाडीकडची ओल दरवाजात शिरते, आणि कधीतरी कोपर पुलावरच्या कोंडीत खाली केलेली काच वर यायचं नाव घेत नाही. गॅरेजात पहिलं उत्तर ठरलेलं असतं : 'मोटर गेली.' बऱ्याचदा मोटर शाबूत असते. बटण, वायर किंवा आतला प्लास्टिकचा तुकडा तिच्याआधी जातो, आणि त्यांचा खर्च कितीतरी कमी असतो.

आधी काच वर घ्या

इंजिन चालू ठेवा, म्हणजे बॅटरीला जोर मिळतो. एकाने बटण वरच्या दिशेला दाबून धरावं, दुसऱ्याने काच दोन्ही तळव्यांमध्ये आतून-बाहेरून धरून वर ढकलावी. तरी हलली नाही, तर बटण दाबलेलं असतानाच दरवाजाच्या पॅडवर खालच्या बाजूला मुठीने दोन-चार दणके द्या. मोटर आत चिकटली असेल, तर ती अशी सुटते. सारखं बटण दाबत बसू नका. बऱ्याच मोटरी तापल्या की आपोआप बंद पडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा चालतात.

वर आलेली काच खाली घसरत असेल, तर काच आणि पॅडच्या फटीत रबराची किंवा लाकडाची पाचर ठोका. वरून चिकटपट्टी लावा, पण ती रंगावर फार दिवस ठेवू नका. उन्हात चिकटली की निघताना रंग खराब करते.

आवाज काय सांगतो

बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण काच जागची हलत नाही : मोटर ठीक आहे. आतली केबल तुटली किंवा काच धरणारी प्लास्टिकची क्लिप मोडली. गॅरेजवाले या सगळ्या यंत्रणेला 'काचेचं मशीन' म्हणतात.

काहीच आवाज नाही : चारही काचा बंद असतील, तर फ्यूज बघा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा नको. वायर तापून आग लागण्याची भीती असते. फक्त ड्रायव्हरची काच चालते आणि बाकीच्या नाहीत, तर ड्रायव्हरच्या पॅनेलवरचं काचांचं लॉक चुकून दाबलं गेलंय का ते पाहा. हसू नका, यासाठी गॅरेज गाठणारे आहेत. डावीकडची काच तिच्या दरवाजावरच्या बटणाने चालते, पण ड्रायव्हरच्या बटणाने नाही, तर दोष ड्रायव्हरच्या पॅनेलचा. पावसात काच उघडी राहिली की पाणी पहिलं तिथेच जातं.

आणखी एक खूण. रात्री बटण दाबल्यावर डॅशबोर्डचा दिवा किंचित मंद होत असेल, तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे, अडकलंय ते पुढे. दिवा ढिम्म असेल, तर बिजागरीजवळची रबरी नळी तपासायला सांगा. दरवाजा वर्षानुवर्षं उघडून-मिटून तिच्यातल्या वायरी आतल्या आत तुटतात.

काच रडतखडत वर येते : बहुधा रबर. ते पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि धूळ धरतं.

पार्ट कुठला

फक्त क्लिप मिळत असेल, तर क्लिपच बदला. केबल तुटली असेल, तर पूर्ण मशीन घेणं बरं. जोडलेली केबल फार टिकत नाही. मॉडेल जुनं असल्याने नवा पार्ट मिळत नसेल, तर कोपरहून धीमी लोकल थेट कुर्ल्याला जाते आणि तिथला सीएसटी रोड वापरलेल्या पार्टसाठी प्रसिद्ध आहे. जुना पार्ट सोबत न्या. डावं-उजवं वेगळं असतं. मोटर घेतलीत, तर दुकानातच बॅटरीवर दोन्ही दिशांना फिरवून बघा.

पॅडमागचा प्लास्टिकचा कागद

पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. काच आणि रबरामधून थोडं पाणी दरवाजात जातंच. ते या कागदामुळे आत न झिरपता तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. घाईत मेकॅनिक तो फाडतो आणि 'काही फरक पडत नाही' म्हणतो. पुढच्या पावसात गाडीतलं कार्पेट ओलं होतं. म्हणून कागद नीट परत लावून घ्या, आणि पॅड उघडलंच आहे तर तळाची भोकंही साफ करून घ्या. तिथे साचलेलं पाणी पुढची मोटर खातं.

पाण्यात अडकलात तर

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्येच गुदमरून गेली. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दरवाजा उघडत नाही आणि वीज गेली की काच उतरत नाही. म्हणून पाणी वाढताना दिसलं की बटण चालतंय तोवर काच खाली घ्या. मागची क्वचित उघडणारी काच पाचर मारून कायमची बंद करण्याची सूचना गॅरेजात मिळते. स्वस्त असली तरी ती मानू नका. काच फोडायची छोटी हातोडी गाडीत असू द्या. पुढची काच तिने फुटत नाही, बाजूचीच फोडायची, तीही कोपऱ्यावर मारून. आणि ती हातोडी डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा.