पायाखालची माती वाचू या

अड्याळात पाहण्यासारखे काय आहे? पाहुण्याने असे विचारले तर आपण हनुमानाचे देऊळ सांगतो. चैत्रातली घोडायात्रा सांगतो. मग जरा थांबतो आणि म्हणतो, "बाकी काय जी, धानाच्या बांध्या, तलाव आन् जंगल. आमच्याकडं काही पाहण्यासारखं नाही."

हे शेवटचे बोलणे आम्हांला पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

आधी एक खुलासा. "अड्याळ टेकडी" हे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. ती टेकडी चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यात आहे. आपले अड्याळ भंडारा जिल्ह्यातले, पवनी तालुक्यातले. ते भंडारा-पवनी रस्त्यावर आहे. बाहेरगावचा माणूस दोन्हींची गल्लत करतो, म्हणून पत्त्यात तालुका व जिल्हा लिहावा.

आता याच रस्त्याने पवनीला चला. बाजाराला, कचेरीला, नातेवाइकांकडे आपण पवनीला कितीदा तरी जातो. पण गाव नीट पाहत नाही. पवनीच्या एका अंगाला वैनगंगा आहे. बाकीच्या अंगांनी मातीचा मोठा तट आणि त्याबाहेर खंदक आहे. खंदक म्हणजे शत्रूला अडवण्यासाठी खणलेला खोल चर. एवढा तट आणि एवढा खंदक लहानशा गावाला कोण करील? येथे मोठे शहर होते, म्हणूनच ते केले.

हे शहर किती जुने? तेथे जगन्नाथ टेकडी नावाची एक टेकडी आहे. लोक तिला साधी टेकडी समजत. 1969-70 साली नागपूर विद्यापीठाने आणि भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याने तेथे खोदकाम केले. पुरातत्त्व म्हणजे जुन्या वस्तूंवरून जुना काळ ओळखण्याची विद्या. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे या कामाचे प्रमुख होते. मातीखाली निघाला विटांचा बौद्ध स्तूप. स्तूप म्हणजे उलट्या वाटीसारखी भरीव, गोल वास्तू. आत खोली नसते. लोक तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतात. हा स्तूप मौर्य राजांच्या काळापासूनचा, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना आहे. पुढच्या पिढ्यांनी तो वाढवला आणि भोवती दगडी खांबांचे कुंपण घातले.

त्या खांबांवर अक्षरे कोरली आहेत. लिपी ब्राह्मी. आज आपण जी देवनागरी शिकतो, तिची ती फार जुनी आजी म्हणा ना. भाषा प्राकृत, म्हणजे त्या काळच्या लोकांची भाषा. एका खांबावर नाग कोरला आहे आणि त्याचे नाव लिहिले आहे, मुचलिंद. बुद्ध ध्यानाला बसले असता पाऊस आला, तेव्हा या नागाने फणा धरून त्यांना झाकले, अशी कथा आहे.

पण आम्हांला जास्त मोल वाटते ते दुसऱ्या अक्षरांचे. कोणी खांब दिला, कोणी फरशी दिली, आणि देणाऱ्याने आपले नाव त्यावर कोरून घेतले. ही नावे राजांची नाहीत, भक्तांची आहेत. त्यांत बायाही आहेत. एका उपासिकेने सर्व जीवांच्या सुखासाठी दान दिले, असे तिच्या लेखात आहे. त्या बाईचा वाडा राहिला नाही, शेत राहिले नाही. दगडावरची ओळ तेवढी राहिली.

पवनीत पंचानन गणपतीचे देऊळही आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. ते तर आपल्याला ठाऊकच आहे.

राजांच्या खुणा टेकडीत असतात, तशा शेतकऱ्यांच्या खुणा पाण्यात असतात. भंडारा हा तलावांचा जिल्हा. हे तलाव देवाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी त्यांतले पुष्कळ बांधले. पाळ कुठे घालावी, पाणी कुठून वळवावे, सांडवा कुठे ठेवावा, हे त्यांना जमिनीचा उतार पाहूनच कळे. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे सांगतात. नवेगाव आता गोंदिया जिल्ह्यात आहे, कारण 1999 साली भंडाऱ्यातून तो जिल्हा वेगळा झाला. पुढे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून आजही आपण त्यांना "मामा तलाव", म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. पुष्कळ ठिकाणी गाळ साचला आहे. आमच्या मते, गाळ काढण्याआधी म्हाताऱ्या माणसांना विचारावे. पाळीची आणि पाटाची जेवढी माहिती त्यांच्याजवळ असते, तेवढी नकाशात नसते.

गावाचा इतिहास कागदावरही असतो. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन कागद मागून पाहा. सरपण, चराई, पाणी यांवर गावाचा काय हक्क होता, ते त्यांत लिहिलेले असते. नकाशात कुठे "रिठी" असे नाव दिसले, तर तेथे पूर्वी गाव होते आणि ते उठले, असे समजावे.

गावे आपल्या काळातही उठली. 22 एप्रिल 1988 रोजी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरणाचे 33 दरवाजे पाहायला आता लोक लांबून येतात. पाण्याखाली कोणकोणती गावे गेली, हेही त्या वेळी विचारून घ्यावे. जवळच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. ते 2012 साली झाले. "जय" नावाचा मोठा वाघ नागझिऱ्याहून चालत येथे आला होता. 2016 साली तो दिसेनासा झाला.

आता मुद्द्याचे बोलू. जुनी वीट चांगली मोठी आणि पक्की असते. कोणी ती उचलून गोठ्याच्या भिंतीत घालतो. कोरलेला दगड कपडे धुण्यासाठी घेतो. नांगराला नाणी लागली तर सोनाराकडे नेऊन वितळवतो. अशाने खांबावरची ओळ कायमची पुसली जाते. ती परत लिहिता येत नाही.

विहीर खणताना किंवा बांधी सपाट करताना काही लागले, तर काम थांबवा. वस्तू घासू नका, धुऊ नका. 1878 सालचा एक कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जमिनीत सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. भिऊ नका. सापडवणाऱ्याचा हक्क या कायद्याने मानला आहे. सरकारने वस्तू ठेवून घेतली, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची सोय आहे. लपवले तर मात्र हक्कही जातो आणि शिक्षाही होते.

अर्ज लांब नको. आपले नाव, गाव, गट नंबर, काय सापडले, किती हात खोल सापडले आणि कोणत्या दिवशी, एवढे लिहा. खाली सही करा. एक नक्कल आपल्याजवळ ठेवा, आणि अर्ज पोचल्याची पावती मागून घ्या.